रिकामा वेल, फुसकी मिरची

केसर वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणीही म्हणेल, काय मेली बाई आहे ही! खुद्द केसरही तसंच म्हणते. भात वैरताना म्हणते, भांडी घासताना म्हणते, आणि मागच्या तळ्याकडं नजर गेली की हमखास म्हणते.

सगळ्याची सुरुवात झाली मितेशच्या बियांपासून. मितेश म्हणजे केसरच्या थोरल्या जावेचा, ठमाबाईचा, एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे. बोट बंदराला लागली की बाकीची पोरं कपडे, मोबाईल बघत फिरतात आणि हा भाजीबाजारात घुसतो. मागच्या सुट्टीत त्यानं मेक्सिकोहून बियांच्या दोन पुड्या आणल्या. आईला मिरचीची दिली, तिचं नाव पोब्लानो. काकीला एका कंदाची दिली, त्याचं नाव हिकामा.

"काय म्हनलास? रिकामा?" ठमाबाईनं विचारलं.

"हिकामा गं आई. जमिनीखाली येतो, रताळ्यासारखा. पण कच्चा खायचा. पाणीदार असतो, गोड."

"मग रिकामाच तो. वर काय दिसनारच न्हाय," ठमाबाई म्हणाली, आणि वेल उगवायच्या आधीच त्याचं बारसं होऊन गेलं.

केसर काय कमी? पुढं जावेच्या मिरचीला पहिली फळं आली तेव्हा तिनं एक चावून बघितली, जिभेला काही कळेचना, तर म्हणाली, "जाऊबाई, ही मिरची हाय का शोभा? फुसकी हाय पार." तेव्हापासून आळीत दोन नावं झाली. भिंतीच्या अलीकडं रिकामा, पलीकडं फुसकी.

भिंत म्हणजे अशी की उभ्या उभ्या पलीकडच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसावं. खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं गाव, दोन भावांची दोन घरं, आणि मधे ही बुटकी भिंत. मितेश शाळेत असतानाच थोरला भाऊ गेला. धाकटा, म्हणजे केसरचा नवरा दत्तात्रेय, ट्रक चालवतो आणि घरी असला की झोपतो. तेव्हा ही दोन घरं चालवली ती या दोन बायकांनी, आणि ती चालली भिंतीवरच्या वाटीनं. इकडची आमटी तिकडं, तिकडचं कालवण इकडं. एक नेम मात्र सासूनं घालून दिलेला, तो दोघींनी कधी मोडला नाही. वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घाल, दोन मिरच्या घाल, निदान कढीपत्त्याची काडी तरी. रिकामी वाटी परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

आता या दोन झाडांचं सांगायचं तर केसरचा वेल मोठा गुणाचा. पावसाच्या तोंडावर लावला, गणपतीपर्यंत मांडवभर पसरला. खत मागत नाही, कीड लागत नाही. मोकाट शेळ्या आळीतली झेंडूची रोपंसुद्धा खातात, पण याला एकीनंही तोंड लावलं नाही. केसरला त्याचं कोण कौतुक! शेळ्यांना आपल्याहून जास्त अक्कल होती, हे तिला मागाहून कळलं. पण वेलाची एक खोड होती. खाली कंद धरलाय की नाही ते कळायचं नाही. खणून बघावं तर वेल संपला. मितेशनं सांगितलं होतं, फुलं खुडून टाक काकी, म्हणजे कंद पोसेल. केसरनं खुडली नाहीत. निळीजांभळी फुलं होती, पुढं त्यांच्या शेंगा झाल्या, अगदी वालाच्या शेंगांसारख्या, आणि निदान काहीतरी दिसतंय म्हणून तिला बरं वाटायचं.

पलीकडं ठमाबाईची मिरची म्हणजे लाडावलेली लेक. दुपारी ऊन लागलं की वर गोणपाट, पाणी जास्त झालं की रुसली, कमी झालं की मान टाकली. पण थंडी पडली आणि तिनं घेतलंन की मनावर! हाताच्या पंज्याएवढ्या काळ्याहिरव्या मिरच्या लागल्या. ठमाबाईनं त्यांच्या पोटात कांदा, ओलं खोबरं आणि भाजलेला जवळा भरला आणि तव्यावर खरपूस केल्या. आळीतली पोरं जमली, बाया जमल्या, इतकंच काय, दत्तात्रेयसुद्धा झोपेतून उठून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "वहिनी, अजून एक," म्हणाला. बायकोच्या हातच्या जेवणावर गेल्या कित्येक वर्षांत तो असं म्हणाला नव्हता.

केसरला वाईट वाटलं. वाईट कसलं, जळली ती. उगीच गोड बोलण्यात काय अर्थ आहे? घरी येऊन तिनं वेलाकडं बघितलं आणि मनाशी म्हणाली, तू खरंच रिकामा निघालास तर बघ.

एकदा तर तिनं त्या कोवळ्या शेंगा तोडायला घेतल्या. पोपटीचे दिवस होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजायच्या, त्यात या चार घातल्या तर काय बिघडलं? नशीब, तेव्हाच मितेशचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा तिकडून किंचाळलाच.

"काकी! त्या शेंगा खाली ठेव! कंद तेवढा खायचा. शेंग, बी, पान, सगळं विषारी असतं त्याचं. तिकडची म्हातारी माणसं ते बी कुटून भिजत घालतात आणि कीड मारायला झाडांवर मारतात. आणि पाण्यात जाऊ देऊ नको हां, मासे मरतात त्यानं. मासे मारायचं जुनं औषधच आहे ते."

मितेश पुरतं बोलला. केसरनं अर्धंच ऐकलं. तिचे कान 'कीड मारायला' इथंच अडकले. का, तर त्याच आठवड्यात पलीकडच्या मिरचीवर बोकड्या पडला होता. पानं आकसून वाकडी झाली होती, आणि ठमाबाई राख मार, ताक मार, काही ना काही करत बसली होती. केसरच्या मनात आलं, हिच्या फुसकीला आपल्या रिकाम्यानं वाचवलं तर? आधी काही बोलायचं नाही. पानं सरळ झाली की मग भिंतीवर हात ठेवून म्हणायचं, "काय जाऊबाई, कुनाचं झाड भारी?"

बास, एवढंच मनात होतं. मत्सर होता, पण त्यात वाईट करायचं नव्हतं. हे ती पुढं स्वतःला सारखं सांगायची, आणि त्यानं तिला काडीचंही बरं वाटायचं नाही.

त्याच दिवसांत केसरच्या लेकीचा, प्राप्तीचा साखरपुडा ठरला होता. मुलगा पेणकडचा, शुभम, थळला नोकरीला. पाव्हणे घरी येणार म्हटल्यावर खारेपाटात दुसरा विचार नसतो. जिताडा! परसातल्या तळ्यात पिल्लू सोडायचं, वर्षानुवर्षं कोळंबी, बारकं मासं घालून पोसायचं, आणि मानाचा पाव्हणा आला की जाळं टाकायचं. बाजारातून मासा आणून व्याह्याला वाढला तर आळी हसते. मागचं तळं ठमाबाईच्या वाट्याला आलेलं. त्यातला जिताडा तिनं प्राप्ती कॉलेजात गेली तेव्हा सोडला होता, तिचंच नाव घेऊन. काठावर जाऊन टाळी वाजवली की तो वर यायचा. "खा रे बाबा खा," ठमाबाई म्हणायची, "माझ्या पोरीच्या नवऱ्याच्या ताटात जायचंय तुला." स्वतःची लेक नव्हती तिला. प्राप्तीच तिची लेक, आणि प्राप्तीची ती मोठ्याई.

दुसरी एक गोष्ट होती. या घराची रीत अशी की मुलीला साखरपुड्याचं पहिलं कुंकू घरातल्या थोरल्या बाईनं लावायचं. थोरली बाई म्हणजे ठमाबाई, आणि ठमाबाई विधवा. दत्तात्रेय म्हणाला, माझ्या मावशीला बोलवू. केसर त्याच्यावर अशी उखडली की बिचारा ट्रकमध्ये जाऊन बसला. "जाऊबाईच लावतील! माझ्या पोरीला न्हाऊमाखू त्यांनी घातलं, मी तापानं पडले व्हते तेव्हा. आनि कुंकवाला त्यांचा हात चालत न्हाय व्हय?" ठमाबाई आधी नको नको म्हणाली. मग एके दिवशी भिंतीशी येऊन हळूच म्हणाली, "केसर, माझी ती मोरपंखी साडी हाय ना, ती नेसू का गो त्या दिवशी?" असा उजळलेला चेहरा तिचा केसरनं बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. तेव्हा सांगितलं ना, केसर वाईट बाई नाही.

साखरपुडा आठ दिवसांवर आला तेव्हा ठमाबाईनं आजारी झाडांवरच्या सगळ्या मिरच्या तोडून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ती पोयनाडला बाजाराला गेली. केसरनं हेरून ठेवलेली वेळ ती हीच. वाळलेलं बी तिनं आदल्या दिवशीच पाट्यावर ठेचून बादलीत भिजत घातलं होतं. भिंत ओलांडली, केरसुणीच्या काड्यांनी सगळ्या झाडांवर ते पाणी शिंपडलं, पानांच्या खालूनसुद्धा. कोण बघत नाही ना, म्हणून दोनदा वळून बघितलं. अर्धी बादली उरली, खाली चोथा बसलेला. मग ती तळ्यावर गेली, ते पाणी ओतलं, चोथा झाडला आणि बादली खळखळून विसळली. लग्न होऊन आल्यापासून कुठलीही बादली ती तिथंच विसळत आली होती. हाताला सवय, डोकं भिंतीवर हात ठेवून म्हणायच्या वाक्यात. वाक्य तयार होतं आणि मितेशचं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं.

सकाळी ठमाबाईची हाक आली. हाक कसली, किंकाळी.

तळ्यात पाणी थोडंच होतं. बारकं मासं पांढरी पोटं वर करून कडेला लागलं होतं. आणि मधोमध जिताडा आडवा, एक कल्ला अजून हलतोय असं वाटावं असा, पण हलत नव्हता. ठमाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. टाळीवर वर यायचा ना तो!

केसरला सगळं एका क्षणात कळलं. बादली, चोथा, मितेश. काठावरचा माड धरून ती उभी राहिली.

माणसं जमली. शेजारचा रंगू जाळीवाला, त्यानं मासा काठावर ओढला, कल्ला उचकटून बघितला आणि म्हणाला, "लाल हाय अजून. ताजा हाय वहिनी. फुकट कशाला घालवताव? कापा नि वाटून टाका."

दोघीतिघी बाया भांडी आणायला वळल्यासुद्धा. तेव्हा केसरच्या तोंडून आलं, "नका! खाऊ नका कोनी!"

"का गो?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ठमाबाईही. खरं सांगायची वेळ ती होती. तोंड उघडलेलंच होतं, शब्द फक्त टाकायचा होता. आणि केसर म्हणाली, "चुना घातलाय ना तळ्यात. चुन्याचं पानी प्यालेला मासा हाय. पोरंबाळं आजारी पडतील."

ठमाबाईनं खरोखरच परवा तळ्यात चुना घातला होता. पाणी हिरवं झालं होतं म्हणून. सगळेच घालतात, त्यानं कधी काही होत नाही, बेतानं घातला तर.

"व्हय," रंगू म्हणाला. "जास्ती पडला असंल चुना."

ठमाबाईनं आपले दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. ओले, सुरकुतलेले हात. केसरनं कुणाचा तरी जीव वाचवला, ते खरं. पण ज्या वाक्यानं वाचवला, त्याच वाक्यानं तिनं आपलं पाप उचलून जावेच्या ओंजळीत ठेवलं. ते तिला तिथंच, त्या क्षणी कळलं होतं. कळूनही ती गप्प राहिली.

मासा माडाच्या मुळाशी पुरला. संध्याकाळी ठमाबाई भिंतीशी आली.

"केसर, त्या कुंकवासाठी तू दत्तात्रेयाच्या मावशीला सांग गो."

"असं काय बोलता जाऊबाई?"

"काय बोलताव? डोल्यांनी बघितलंस ना? रीत मोडायला निघालो, देवानं दाखवलान. माझा हातच वाईट. ज्याला लावला ते गेलं. आधी मितेशचा बाप गेला, आता पोरीच्या पाव्हण्यांचं ताट मीच मारलं." आवाज चढला नव्हता तिचा. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "मोरपंखी साडी मी ठेवून दिली. मी मागं भाकरी भाजीन."

केसरनं म्हणायला हवं होतं, जाऊबाई, तुमच्या हातानं नाही, माझ्या. किती लहान वाक्य! लहान पोरालाही म्हणता येईल. तिनं म्हटलं काय, तर "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि घरात येऊन मोरीत नळ सोडून रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. खाई त्याला खवखवे. सकाळी ठरवायची, आज सांगायचं. वाटीत काहीतरी घालून भिंतीपर्यंत जायची. पलीकडून ठमाबाईचा आवाज यायचा, एकटीच बोलायची ती हल्ली. "मेल्या हातांनो," म्हणायची. भांडं पडलं की म्हणायची, दूध उतू गेलं की म्हणायची. केसर वाटी भिंतीवर ठेवून पाऊल न वाजवता परत यायची. मितेशचा फोन आला तर तिनं तो वाजू दिला. आईनं चुन्याचं सांगितलं असणार आणि पोरगा हुशार, एका प्रश्नात पकडेल. मोबाईल तिनं तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. स्वतःच्या पुतण्याला घाबरून! इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटूनही तोंड उघडत नव्हतं. लाजेचं असंच असतं मेलं, आधी बोलू देत नाही आणि मग का बोलली नाहीस म्हणून खात बसते.

कहर म्हणजे मिरची सुधारली. शेंड्याची नवी पानं सरळ आली, हिरवीगार. ठमाबाई म्हणाली, "बघ गो, देवानं मासा नेलान नि मिरची सोडलीन." ज्या वाक्यासाठी केसरनं एवढं सगळं केलं होतं, ते वाक्य आता तिला विषासारखं कडू लागत होतं.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. पाव्हणे आले. मांडवात खुर्च्या, समोर चौरंग, प्राप्ती अबोली रंगाच्या साडीत. ताटात सुरमई होती, बाजारची. व्याह्यांनी नाव ठेवलं नाही, पण एक म्हातारा जेवताना बोललाच, "आमाला वाटलं खारेपाटात आलाव म्हनजे जिताडा खानार." दत्तात्रेय खाली बघून वाढत राहिला. भरल्या मिरच्या हातोहात संपल्या. आणि केसरनं खणून काढलेला कंद, सोलून, फोडी करून, वर मीठ, तिखट, लिंबू. मुठीएवढेच कंद निघाले होते, फुलं खुडली नव्हती म्हणून. पण चव! विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला.

"काय गो हे? काकडी न्हाय, पेरू न्हाय. कुठं मिलतं?"

"परसात हाय, आमच्याच," प्राप्ती कौतुकानं म्हणाली. "आईनं लावलाय."

झालं, कुंकवाला अजून वेळ होता, तर विहीणबाई आणि त्यांच्याबरोबरच्या बाया परसात निघाल्या. केसर मागून. विहीणबाई बाई उत्साही, हाताला चैन नाही. एक वेल अजून मांडवावर होता, त्याला शेंगा लोंबत होत्या, काही वाळलेल्या, काही हिरव्या.

"अगो, हा तर वालच!" म्हणून त्यांनी पटापट शेंगा तोडून पदराच्या ओट्यात टाकायला सुरुवात केली. "बी नेते मी. नि ह्या कोवल्या आज रात्रीच पोपटीत घालते. पोरं खूश."

"त्या तेवढ्या नको," केसर म्हणाली. "विषारी असतात."

"कोन म्हनतं?"

"आमचा पुतन्या. बोटीवर हाय, त्यानं सांगितलं."

विहीणबाई हसल्या. "बोटीवरच्या पोरांचं काय ऐकता! ती उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्याकडं कंचीच शेंग वाया जात न्हाय. खाऊन बघितलंत का तुमी?" आणि आणखी दोन तोडल्या.

केसरनं त्या पदराकडं बघितलं. आज रात्री त्यांच्या अंगणात मडकं लागेल. पोरं भोवती बसतील. तिच्या लेकीचं होणारं सासर. पटवून द्यायला तिच्याकडं पुरावा एकच होता, आणि तो माडाच्या मुळाशी पुरलेला होता.

"खाऊन न्हाय बघितलं," ती म्हणाली. "माझ्या हातनं मासा मेला यानं. ताटात यायचा व्हता तो जिताडा. त्याचं बी कुटून मी फवारायला पानी केलं नि बादली तळ्यात विसळली. सगळं तळं मेलं. चुन्यानं न्हाय मेला. मी मारला."

विहीणबाईंनी पदर झटकला, शेंगा मातीत पडल्या, आणि त्या हात साडीला पुसू की नको अशा उभ्या राहिल्या.

मागच्या दारात ठमाबाई होती. भाकरीचं पीठ कोपरापर्यंत लागलेलं, जुनी विटकी साडी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चुन्यानं न्हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय, जाऊबाई."

"त्या सकाळी तुला ठावं व्हतं? रंगू कापा म्हनला तेव्हा?"

"व्हय."

"नि मी भिंतीशी आले तेव्हा?"

केसरला मान वर करता आली नाही. तिनं नुसतीच हलवली.

केसरला वाटलं, आता शिवी घालेल, आता पिठाचा हात थोबाडीत मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. ठमाबाई वळली, नळाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावून, नखांतलं पीठ काढून, परत परत. मग आपल्या घरात गेली.

चौरंगासमोर दत्तात्रेयाची मावशी कुंकवाचा करंडा घेऊन बसली होती. तेवढ्यात गर्दीतून वाट करत ठमाबाई आली. मोरपंखी साडी, चापूनचोपून नेसलेली, घडीच्या रेघा तशाच. मावशीच्या हातातून तिनं करंडा घेतला. मावशी काहीतरी म्हणणार होती, पण ठमाबाईच्या चेहऱ्याकडं बघून सरकली. ठमाबाईनं बोट कुंकवात बुडवलं आणि प्राप्तीच्या कपाळाला टेकवलं. प्राप्ती "मोठ्याई" म्हणून तिच्या गळ्यातच पडली. विहीणबाई पुढं झाल्या आणि वाकून ठमाबाईच्या पाया पडल्या. का, ते त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं नाही, निदान तिथं तरी नाही.

केसर मांडवाच्या खांबामागं उभी होती. तिची लेक, तिचा मांडव, आणि पुढं यायचं तोंड तिला नव्हतं.

पाव्हणे गेल्यावर ठमाबाई भिंतीपाशी थांबली. साडी अजून तीच.

"मासा काय गो, परत पाळता येतो," ती म्हणाली. "पन मी माझ्या हातांना काय काय बोलले ना, ते तू ह्या भिंतीमागं उभी राहून ऐकलंस."

"जाऊबाई, मी..."

"न्हाय. आता नको बोलू. बोलायचं तेव्हा बोलली न्हायस." आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी केसरनं उरलेला वेल मुळासकट उपटून जाळला. शेंगा एकूण एक वेचून घातल्या. मग कोळंबीचं कालवण केलं, ठमाबाईला आवडतं तसं, कैरी घालून. वाटी काठोकाठ भरून भिंतीवर ठेवली. थोड्या वेळानं बघितलं तर वाटी तिथं नव्हती. केसरच्या जिवात जीव आला. घेतली तरी!

दुपारी प्राप्ती वाटी घेऊन आत आली. "भिंतीवर होती," म्हणाली. लख्ख धुतलेली, पुसलेली. आत काही नव्हतं. साखर नाही, मिरची नाही, कढीपत्त्याची काडी नाही.

"मोठ्याई घालायचं विसरली वाटतं," प्राप्ती म्हणाली.

"न्हाय," केसर म्हणाली. "ती विसरत न्हाय."

तिनं ती धुतलेली वाटी परत धुतली, आणि रात्रीच्या आमटीला डाळ घालताना दोन मुठी जास्त घातली.